हाताच्या अंतरावर

२६ ऑगस्ट २००१ची संध्याकाळ ठाण्यातल्या जुन्या माणसांना आजही आठवते. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे दोन दिवसांपूर्वी गाडीच्या अपघातात जखमी होऊन सिंघानिया रुग्णालयात दाखल झाले होते. पायाला मार होता, शस्त्रक्रिया झाली होती. त्या संध्याकाळी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. बातमी बाहेर आली आणि जमाव रुग्णालयात घुसला. काचा फुटल्या, यंत्रे फुटली, रुग्णवाहिका पेटल्या, इमारतीला आग लागली. उपचार घेत असलेल्या रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. ते रुग्णालय पुन्हा उभे राहिले नाही.

त्या रात्रीच्या राजकारणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. २०२२मध्ये दिघे यांच्या आयुष्यावर ‘धर्मवीर’ हा चित्रपटही आला. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरांपैकी एकीचेही नाव मात्र ठाण्यात सहसा कुणाला सांगता येणार नाही. जळालेल्या यंत्राची किंमत काढता येते, विम्याचा दावा करता येतो. जमाव जिना चढत असताना वॉर्डात उभ्या असलेल्या बाईच्या आत काय मोडले, हे मोजायची आपल्याकडे रीतच नाही. हे प्रकरण त्या मोजणीबद्दल आहे.

सिंघानियाचे प्रकरण टोकाचे होते. परिचारिकांच्या वाट्याला येणारी बहुतेक हिंसा इतकी मोठी नसते, म्हणून तिची बातमीही होत नाही. जगभरातल्या २५३ अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१९मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आरोग्यसेवेतल्या सुमारे ३ लाख ३१ हजार कर्मचाऱ्यांची माहिती होती. वर्षभरात रुग्णांकडून किंवा त्यांच्यासोबतच्या माणसांकडून कसली ना कसली हिंसा सोसलेल्यांचे प्रमाण ६१.९ टक्के निघाले. शिवीगाळ ५७.६ टक्के, धमक्या ३३.२, अंगावर हात टाकणे २४.४, लैंगिक छळ १२.४. सरकारी रुग्णालयाच्या चेंजिंग रूममध्ये डबा खात बसलेल्या सिस्टरांना हा आकडा सांगून बघा. त्या हसतील आणि विचारतील, उरलेले ३८ टक्के कुठे नोकरी करतात?

सिस्टरच का? एक कारण साधे आहे. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात; सिस्टर पूर्ण पाळीभर तिथेच असते. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी तिच्याच हातून मिळते, ‘भेटायची वेळ संपली’ हे तिनेच सांगायचे असते, आणि खाट नाही, रक्त नाही, एमआरआय बंद आहे, या सगळ्या बातम्यांचा चेहरा तिचाच असतो. दुसऱ्या कारणाबद्दल कमी बोलले जाते. रक्तदाब मोजताना, शीर शोधताना, कूस बदलून देताना तिचा चेहरा रुग्णाच्या हाताच्या टप्प्यात असतो. बँकेतल्या कारकुनापुढे काच असते, पोलिसाच्या हातात काठी असते. परिचर्या जवळ गेल्याशिवाय होतच नाही. आणि जवळ जायला एक गृहीतक लागते, की ज्याची मी सेवा करते आहे तो मला मारणार नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९९२मध्ये असे मांडले, की आघाताने सर्वांत खोल तडा जातो तो माणसाच्या न बोललेल्या समजुतींना. जग बऱ्यापैकी सुरक्षित आहे, नीट वागणाऱ्याचे सहसा वाईट होत नाही, मी लायक माणूस आहे, अशा त्या समजुती. सिस्टरच्या बाबतीत त्यात वरच्या गृहीतकाची भर पडते, आणि तिचे सगळे काम त्यावरच उभे असते. माझे म्हणणे एवढेच आहे: मार क्षणात लागतो, पण पुढच्या रुग्णावर वाकण्याची तिची तयारी टिकते की जाते, हे नंतरचे दिवस ठरवतात. ते दिवस हल्ला करणाऱ्याच्या हातात नसतात. ते रुग्णालयाच्या हातात असतात.

रात्री अडीच वाजता

ठाणे जिल्ह्यात राग कसा साचत जातो, ते आधी पाहू. मुरबाड किंवा शहापूरकडच्या एखाद्या पाड्यावरचा रुग्ण जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोचतो. तिथून त्याला कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात धाडतात. डोंबिवलीचा असेल तर सुरुवात शास्त्रीनगर रुग्णालयापासून. ‘इथे सोय नाही, पुढे न्या.’ मग कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. तिथेही जागा नसेल तर शीव किंवा केईएम. प्रत्येक ठिकाणी नवा केस पेपर, नवी रांग, नव्याने रुग्णवाहिका शोधणे, आणि मध्ये वाहतुकीची कोंडी. शेवटच्या दारात पोचलेला नातेवाईक आधीच्या तीन दारांचा राग घेऊन आलेला असतो. तो राग ज्या दारात उतरतो, तिथे बहुधा सिस्टर उभी असते.

समजा, रात्रीचे अडीच वाजले आहेत. कॅज्युअल्टीत एक सिस्टर, एक निवासी डॉक्टर आणि एक वॉर्डबॉय मामा. डॉक्टर आत दुसऱ्या रुग्णाच्या छातीवर दाब देत आहेत. बाहेर पोटदुखीने कण्हणाऱ्या एकाचा भाऊ चौथ्यांदा विचारतो, डॉक्टर कुठे आहेत? ती सांगते, “दादा, आतला पेशंट सिरियस आहे, येताहेत.” तो मोबाइल काढतो, तिच्या तोंडासमोर धरतो. मग ‘अहो सिस्टर’चे ‘ए बाई’ होते. मग तो तिचे मनगट पिरगाळतो आणि तिला औषधांच्या ट्रॉलीवर ढकलतो. सगळे मिळून वीस-पंचवीस सेकंद.

त्या सेकंदांत तिच्या शरीरात जे घडते त्यावर तिचा ताबा नसतो. धोका ओळखणारा मेंदूचा अमिग्डला हा भाग विचाराच्या आधी धावतो. ॲड्रिनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते. नीट विचार करून बोलायचे काम करणारा कपाळामागचा मेंदू मागे पडतो. पळणे आणि लढणे हे दोन प्रतिसाद सर्वांना माहीत असतात. तिसरा आहे गोठून जाणे. पुष्कळ जणी ओरडत नाहीत, हात सोडवत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. पुढे अनेक महिने त्यांना छळणारा प्रश्न हाच असतो: मी ओरडले का नाही? याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. सिस्टरच्या चारित्र्याशी किंवा धाडसाशी त्याचा काही संबंध नाही. हे एक वाक्य रुग्णालयातल्या कुणी वेळेवर तिला सांगितले तरी अर्धे काम होते.

आठवणही नेहमीसारखी साठत नाही. घटनांचा क्रम लावून ठेवणारी यंत्रणा अशा वेळी नीट चालत नाही. म्हणून त्याच्या शर्टाचा रंग, त्याच्या तोंडाचा वास, खाली पडलेल्या इंजेक्शनच्या बाटलीचा आवाज लख्ख आठवतो. पण आधी काय झाले आणि नंतर काय, हे धूसर राहते. चौकशी समितीपुढे किंवा पोलिस ठाण्यात तिने दोनदा सांगितलेले दोन ठिकाणी वेगळे निघते, आणि समोरच्याला वाटते, बाई काहीतरी लपवते आहे.

पाळी ती पूर्ण करते. सलाईन बदलते, चार्ट भरते, सकाळी हँडओव्हर देते. हात थरथरायला लागतात ते घरी जाताना, लोकलच्या लेडीज डब्यात.

महिन्यानंतर

पहिल्या काही दिवसांत झोप उडणे, दचकणे, रडू येणे हे बहुतेकींना होते आणि बहुतेकींचे ते आपोआप ओसरते. आघात झालेल्या प्रत्येक माणसाला मानसिक आजार होतोच, हा समज चुकीचा आहे. तशा समजाने नुकसानही होते, कारण मग सिस्टर स्वतःकडे आजारी म्हणूनच पाहू लागते. पण लक्षणे महिन्याहून जास्त टिकली आणि काम-घर यांत अडथळा आणू लागली, तर डॉक्टर आघातोत्तर तणाव विकाराचा विचार करतात. १९८०मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत या विकाराला जागा मिळाली, ती मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. वॉर्डातल्या बाईचा विचार त्या चौकटीत व्हायला आणखी वेळ लागला.

त्याच्या लक्षणांचे आज चार गट मानतात. सिस्टरच्या दिवसात ते कसे दिसतात? पहिला, घटना न बोलावता परत येणे: स्ट्रेचरची चाके जोरात वाजली की तोच क्षण पुन्हा. दुसरा, टाळणे. ती कॅज्युअल्टीची नाईट बदलून मागते, ‘त्या’ कोपऱ्यातल्या खाटेकडे मामाला पाठवते, पुरुष नातेवाइकाशी बोलायची वेळ आली की कपाट आवरायला घेते. तिसरा, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल काळी मते: माझेच चुकले, लोक नालायकच असतात, आपण या कामाच्या नाहीच. चौथा गट सततच्या सावधपणाचा: दाराकडे तोंड करून उभे राहणे, पाठीमागे कुणी आले की दचकणे, घरी मुलांवर खेकसणे.

यातल्या टाळण्याकडे जरा थांबून पाहायला हवे. या विकाराच्या सर्वांत भरवशाच्या उपचारांपैकी एकात रुग्णाला भीतीच्या गोष्टींसमोर हळूहळू, ठरवून, तज्ज्ञाच्या सोबतीने आणले जाते. हे ऐकून काही प्रशासक खूश होतात. म्हणतात, मग तिला लगेच त्याच वॉर्डात पाठवले ते बरेच केले, भीती मोडेल. त्यांच्या हातून उपचाराचे मर्मच सुटलेले असते. उपचारात माणूस सुरक्षित असतो, वेग तो स्वतः ठरवतो, आणि नको वाटले की थांबू शकतो. नाईट ड्युटीत यांतले काहीच नसते. तिथे भीती मोडत नाही, तिच्यावर फक्त झाकण बसते.

शिव्यांचा हिशोब

थोबाडीत मारली तर निदान ‘झाले’ असे म्हणता येते. शिवीचे तसे नसते. ‘रोजचंच आहे, मनाला लावून घेऊ नको’ हा सल्ला जुन्या सिस्टर नवीन मुलींना देतात तो प्रेमापोटी, पण त्यात पराभवही आहे. हिंसा कामाचाच भाग आहे असे एकदा मान्य केले की तक्रार करणे म्हणजे कमकुवतपणा ठरतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालय समूहात २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगितलेल्या घटना आणि रुग्णालयाच्या नोंदी ताडून पाहिल्या. हिंसा सोसलेल्यांपैकी ८८ टक्के जणांनी नोंदच केली नव्हती. आणि तिथे नोंदीसाठी संगणकावर तयार सोय होती.

शिवी खाऊनही चेहरा शांत ठेवायचा, ही मेहनत कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३मध्ये हवाई सुंदऱ्यांचा अभ्यास करून तिला भावनिक श्रम म्हटले. असे श्रम दोन तऱ्हांनी होतात. एकात माणूस वरवर हसतो आणि आत धुमसतो. दुसऱ्यात तो स्वतःची समजूत घालतो, की समोरचा घाबरलेला आहे, त्याची आई आत आहे, म्हणून तो असा बोलतो. दुसरी तऱ्हा माणसाला कमी थकवते. पण तिला वेळ लागतो, उसंत लागते. साठ रुग्णांमागे दोन सिस्टर असलेल्या वॉर्डात पहिल्याच तऱ्हेने काम भागवावे लागते.

तसे वर्षानुवर्षे भागवले की काय होते, हे क्रिस्टिना मास्लाक यांच्या कामामुळे १९८०च्या दशकापासून नीट कळू लागले. आधी माणूस भावनिकदृष्ट्या रिकामा होतो. मग समोरच्या माणसाची वस्तू होते. ‘सावंत आजोबांना त्रास होतोय’ऐवजी ‘बारा नंबरचे सलाईन संपले’. शेवटी, आपण करतो त्याने कुणाला काही फरक पडत नाही, असे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये या अवस्थेला कामाशी जोडलेली घटना म्हणून आजारांच्या वर्गीकरणात नोंदवले.

सरकारी रुग्णालयातली सिस्टर तुसडी असते, ही आपल्याकडची सर्वमान्य तक्रार आहे. त्यातल्या काही जणी मुळातच तुसड्या असतील. प्रत्येक खात्यात असतात. पण पुष्कळदा तो तुसडेपणा म्हणजे भरलेल्या जखमेवरची जाड कातडी असते. दुर्दैव असे, की त्या कातडीला ठेचकाळून नातेवाईक आणखी भडकतो, आणि पुढची शिवी येते ती तुसडेपणाबद्दलच.

कोण मारतो, यानेही फरक पडतो. ठाण्यात वागळे इस्टेटजवळ १९०१पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीसह राज्यात अशी चारच. तिथल्या किंवा कुठल्याही मनोविकार विभागातल्या सिस्टरला रुग्णाचा फटका बसणे नवे नसते. सर्वसाधारण वॉर्डातही दारू अचानक तुटलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रमात जातो आणि सलाईनचा स्टँड उचलतो. इथे ‘आजार मारतो आहे, माणूस नाही’ ही समजूत खरोखर आधार देते. त्यातून राग उरत नाही, कटुता कमी राहते. शरीराची भीती मात्र हेतू बघत नाही. ती तेवढीच राहते. आणि ‘तो आजारीच होता, त्याला काय बोलणार’ म्हणून सिस्टरच्या दुखण्याची विचारपूसच होत नाही, तेव्हा हा आधारही तिच्यावर उलटतो.

अशा फटक्यांचा अंदाज बांधता येतो, हे महत्त्वाचे. नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट यादी मनोरुग्णांच्या वॉर्डात वापरतात. गोंधळलेपणा, चिडचिड, धसमुसळेपणा, तोंडी धमकी, अंगावर येण्याचा पवित्रा, वस्तूंची आदळआपट. सहा गोष्टी, प्रत्येकीला शून्य किंवा एक गुण, आणि त्यावरून पुढच्या २४ तासांचा अदमास. कागदाची अर्धी पट्टी पुरते. हँडओव्हर देताना ‘बेड नऊ, ताप उतरला’ याच्या जोडीला ‘बेड नऊ, सकाळपासून धमक्या देतोय’ हे लिहिले गेले, तर पुढची पाळी एकटी त्या खाटेकडे जात नाही.

आणखी एक दुखणे हिंसेच्या आगेमागे असते. ऑगस्ट २०२३मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ५०० खाटांचे ते रुग्णालय. नव्या इमारतीसाठी जिल्हा रुग्णालय मूळ जागेवरून हलवल्यामुळे त्याच्यावरचा भार आधीच वाढला होता. त्या घटनेवर चौकशी, आरोप, प्रत्यारोप झाले; त्यात मी शिरत नाही. सिस्टरच्या जागी उभे राहून पाहा. काय करायला हवे हे तिला शिकवलेले आहे, दिसतेही आहे. पण हात कमी, खाटा कमी, म्हणून ते होत नाही. अमेरिकन तत्त्वचिंतक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४मध्ये परिचर्येच्या संदर्भातच याला नैतिक क्लेश म्हटले. आणि नेमक्या अशा वेळी नातेवाईक ओरडतो, ‘तुम्ही मारलंत आमच्या माणसाला’. निव्वळ खोटा आरोप झटकता येतो. ज्या आरोपाचा एक धागा तिच्या स्वतःच्या मनातही असतो, तो झटकता येत नाही.

तळघरातली खोली

महाराष्ट्रात परिचारिकेवरच्या हिंसेबद्दल बोलायचे आणि अरुणा शानबाग यांच्याबद्दल बोलायचे नाही, हे शक्य नाही. २७ नोव्हेंबर १९७३ला परळच्या केईएम रुग्णालयात, ड्युटीनंतर तळघरात कपडे बदलायला गेलेल्या या पंचविशीतल्या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. आरोपीला हल्ला आणि जबरी चोरीबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. केईएमच्या परिचारिकांनी तेव्हा संप केला होता. अरुणा पुढे वॉर्ड क्रमांक ४ला लागून असलेल्या खोलीत राहिल्या, १८ मे २०१५पर्यंत. दयामरणासाठी पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ला फेटाळली, कारण केईएमचे कर्मचारी त्यांना सांभाळायला तयार होते. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांना इतक्या वर्षांनीही त्यांच्या अंगावर शय्याव्रण आढळले नव्हते. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

त्या सेवेकडे मी दोन नजरांनी पाहतो. आघात झालेला गट त्याला अर्थ देण्याची वाट शोधतो. केईएमच्या परिचारिकांना ती आपल्या कौशल्यातच सापडली, आणि इतका दीर्घ सामूहिक प्रतिसाद जगात क्वचितच सापडेल. त्याच वेळी नव्याने रुजू होणाऱ्या मुलीसाठी ती खोली हेही सांगत होती, की हे तुझ्या बाबतीतही होऊ शकते, इथेच, ड्युटी संपल्यावर. आपण समाज म्हणून पहिल्या नजरेचे इतके कौतुक केले, की कपडे बदलायला सिस्टरला तळघरात का जावे लागले, हा रटाळ बांधकाम-खात्याचा प्रश्न मागेच राहिला. ९ ऑगस्ट २०२४ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीतली प्रशिक्षणार्थी डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विश्रांती घेत असताना मारली गेली. २० ऑगस्टच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाला रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी पुरेशा विश्रांतीच्या खोल्या नाहीत, हे नमूद करावे लागले. केईएम आणि आर. जी. करच्या दोन तारखांमध्ये जवळपास ५१ वर्षे आहेत.

कल्याणची एक घटना वेगळ्या जातीची. जुलै २०२५मध्ये कल्याण पूर्वेच्या नांदिवली भागात, लहान मुलांच्या एका दवाखान्यात, डॉक्टर आत भेटीत असल्याने थांबायला सांगणाऱ्या स्वागतिकेला एका माणसाने लाथ मारली, केस धरून फरपटले. ती परिचारिका नव्हती, पण दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बाईचे काम तेच करत होती. सीसीटीव्हीतले दृश्य घरोघरी पोचले, माणसाला अटक झाली, प्रकरणाला मराठी-अमराठी रंग चढला. मग त्याआधीचे काही क्षण दाखवणारे दुसरे चित्रीकरण बाहेर आले, त्यात तिने त्या माणसासोबतच्या बाईवर हात उगारल्याचे दिसत होते, आणि कालचे सहानुभूतीचे सूर पालटले. तिने हात उगारला असेल तर ते चूकच. त्यामुळे नंतरच्या मारहाणीचे समर्थन होत नाही. मला खटकते ते हे, की पीडित बाई निष्कलंक असेल तरच आपण तिच्या बाजूने उभे राहतो. आणि स्वतःला लागलेला मार हजारदा फोनवर फिरताना पाहणे हा दुसरा आघात असतो, त्याची जबाबदारी दृश्य पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाची आहे.

पहिले काही दिवस

आता रुग्णालयाच्या हातातल्या दिवसांकडे. घटना घडली की मेट्रन मॅडमच्या केबिनमध्ये बहुधा पहिला प्रश्न येतो, “तू काय बोललीस त्याला?” चौकशीत तो कधीतरी विचारावाच लागेल. पण पहिल्या तासात त्याचा अर्थ एकच होतो, की दोष तुझा आहे. खासगी नर्सिंग होममध्ये आणखी एक प्रकार चालतो: बिलात सूट देऊन नातेवाइकांना शांत करायचे, पोलिस नकोत, नाव खराब होते. कंत्राटावरची सिस्टर ते निमूट पाहते. आपल्या मनगटाची किंमत किती रुपयांची सूट, हे तिला त्या दिवशी कळते. घरी ती सांगत नाही, कारण सांगितले तर सासूबाई म्हणतील, सोडून दे नोकरी. आणि ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, असेल तर त्याचे दुःख आणखी मुके. पुरुष म्हणून प्रत्येक भांडणात त्यालाच पुढे ढकललेले असते, आणि मार खाल्ल्यावर रडायची त्याला सोय नसते.

सद्‌हेतूने केलेले सगळेच उपयोगी ठरते असेही नाही. घटनेनंतर लगेच बसवून ‘काय झाले, काय वाटले ते सविस्तर बोला’ असे एकच सत्र घ्यायची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२मधल्या आढाव्यात दिसले, की अशा एका बैठकीने पुढचा विकार टळत नाही. काहींना त्रासच होतो. ताजी जखम सक्तीने उकलू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतला मार्ग साधा आहे: आधी पाहा, मग ऐका, मग जोडून द्या. सुरक्षित जागी बसवा, पाणी द्या, घरच्यांना कळवा, ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर गप्प सोबत बसा, घरी पोचवायला कुणाला तरी पाठवा. यातल्या कशालाही निविदा काढावी लागत नाही.

तक्रार तिने एकटीने करायची नसते, हा दुसरा मुद्दा. महाराष्ट्रात २०१०पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती व संस्थांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे. नोंदणीकृत परिचारिका आणि परिचर्येच्या विद्यार्थिनीही त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत. कोलकात्याच्या घटनेनंतर १६ ऑगस्ट २०२४ला केंद्राच्या आरोग्य खात्याने आदेश काढला, की हिंसा झाल्यास संस्थेच्या प्रमुखाने जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेतर्फे एफआयआर नोंदवावा. हा आदेश केंद्राच्या रुग्णालयांसाठी असला तरी त्यातली कल्पना कुठल्याही महापालिकेला घेता येईल. संस्था फिर्यादी झाली की ‘मी कुणाच्या घरावर केस घातली’ हे ओझे सिस्टरच्या डोक्यावरून उतरते. ‘बघून घेईन’ म्हणणाऱ्यालाही एकट्या बाईऐवजी सबंध रुग्णालय समोर दिसते.

परत कामावर येताना पहिल्या काही पाळ्या दिवसाच्या असाव्यात, सोबत तिने निवडलेली सहकारी असावी, आणि त्याच रुग्णाची फाइल तिच्याकडे नसावी. महिना उलटूनही झोप परतली नाही तर उपचार आहेत, आणि ते चालतात: आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही पद्धत, गरज पडल्यास औषधे. सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. रुग्णालयातल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सिस्टर कचरतात. केस पेपर कोण वाचेल, ही त्यांची भीती खोटी नाही. तिथे हा क्रमांक उपयोगी पडतो.

आणि खटला. तो उभा राहतो तेव्हा वर्षे गेलेली असतात. सिस्टरने दरम्यान दोन रुग्णालये बदललेली असतात, लग्न होऊन ती बदलापूर किंवा विरारला गेलेली असते, आणि एक दिवस ठाणे किंवा कल्याणच्या न्यायालयाचे समन्स येते. समोर तोच माणूस असणार, बचावाचा वकील क्रम विचारणार, आणि क्रम तर तिला त्या रात्रीही नीट आठवत नव्हता. त्या दिवशी तिच्यासोबत जुन्या रुग्णालयाचा माणूस असायला हवा, तेव्हाच लिहिलेल्या घटनेच्या नोंदीची प्रत त्याच्या हातात असायला हवी, आणि नव्या रुग्णालयाने तो दिवस तिच्या रजेतून कापता कामा नये.